उपाशी चौरस

४ फेब्रुवारी

प्रिय भिंगरी,

सप्रेम नमस्कार. तुझं पत्र शाळेच्या पत्त्यावर आलं. शिपाईमामांनी ते सगळ्या शिक्षकांसमोर माझ्या हातात ठेवलं आणि म्हणाले, "बाई, तुम्हाला अजून कागदावर लिहिणारं कोणीतरी आहे म्हणायचं." अक्षर लगेच ओळखलं. तुझा 'र' अजूनही ओळीबाहेर उडी मारायच्या तयारीत असतो.

मी फोन उचलत नाही म्हणून तू रागावलीस. शाळेत फोन कपाटात ठेवावा लागतो आणि घरी आल्यावर राहून जातं. राग मानू नकोस.

घरी सगळे बरे आहेत. बाबांची मालाची गाडी आता जवळच्या गोदामावर असते, त्यामुळे ते दुपारी जेवायला घरी येतात. आई आधी खूश होती, आता म्हणते की या माणसाला घरी आणून मी माझी दुपारची झोप घालवली. बाबांनी माझं पदवीचं प्रमाणपत्र अखेर चौकटीत बसवलं. जागा कुठे मिळाली, तर टीव्हीच्या डोक्यावर. खिळा जरा खाली ठोकला गेल्यामुळे चौकटीचा कोपरा टीव्हीवर येतो. परवा आत्या बातम्या बघायला बसली आणि म्हणाली, "दादा, निम्म्या बातम्या तुझ्या पोरीनेच झाकल्या की." बाबा म्हणाले, "मग उरलेल्या निम्म्या बघ." घरात पहिल्यांदा कोणीतरी पदवी घेतली आहे, तेव्हा एवढं सहन करायला हवं.

मला कायम केलं, हे तुला कळलंच असेल. आदेशाचा कागद मिळाला त्या दिवशी बाबांनी गाडी शाळेच्या दारात आणून उभी केली होती. माल भरलेला, आणि मी पुढे बसलेली.

तुझ्याशिवाय शाळा जरा शांत झाली आहे. पहिली 'अ'ला एक नव्या बाई आल्या आहेत. त्या तुझ्यासारख्या भिंतीवर थाप मारून मला हाक मारत नाहीत. वसतिगृहात आपण एका खोलीत होतो, तेव्हा मधे भिंत नव्हती. शाळेत लागल्यावर मधे एक भिंत आली, आणि तरी आपण म्हणायचो की दोघींचा मिळून एकच वर्ग आहे. एकच जागा कायम होणार आहे, हे आपल्याला पहिल्या दिवशी सांगितलं होतं. त्यावर तू म्हणाली होतीस, "होईल ती होईल, दुसरीने तिला चहा पाजायचा." तू मुदत संपायच्या आधीच गेलीस, त्यामुळे चहा राहिला.

माझ्या वर्गात सध्या वजाबाकी चालू आहे. डिजिटल फळ्यावर फुगे फोडायचे आणि उरलेले मोजायचे. पोरं फुगे फोडण्यात इतकी रंगतात की उरलेले मोजायला कोणी तयार नसतं. खारू आठवते ना? पुढचे दोन दात आणि सतत पेन्सिल कुरतडणारी. ती आहे. हल्ली जरा कमी बोलते.

तू विचारलंस, डिसेंबरातल्या त्या नमुना पाठाच्या वेळी हॉलमध्ये नेमकं काय झालं, तुला मागून काही दिसलं का. मी शेवटच्या रांगेत होते. तिथून पडदा तिरका दिसतो. होऊन गेलं ते गेलं. तू मनाला लावून घेऊ नकोस.

आईला विचारलं म्हणून सांग.

तुझी,
पट्टी

---

१९ फेब्रुवारी

प्रिय भिंगरी,

नमस्कार. तुझं दुसरं पत्र मिळालं. इतकं आनंदी पत्र मला बऱ्याच दिवसांत कोणी लिहिलेलं नाही.

नव्या शाळेने बोलावलं, अभिनंदन. तिथेही पहिलीचा वर्ग आणि तिथेही आधी नमुना पाठ. तू लिहितेस की भावाच्या लॅपटॉपवर पेन ड्राइव्ह लावला आणि बघतेस तर काय, सगळे चौरस उभट आणि सगळी वर्तुळं अंड्यासारखी. म्हणजे हॉलच्या पडद्याचा दोष नव्हता, फाईलच बिघडलेली होती. मग बिघडवली कोणी, तर संगणकवाल्या सरांनी. "तो माणूस अर्धवटच आहे," असं तू लिहिलंस. सर अर्धवट नाहीत. विचारल्याशिवाय बोलत नाहीत, इतकंच.

मग एका संध्याकाळी बसून तू एकेक आकार धरून ताणलास आणि सरळ केलास. "आता माझा पाठ इतका चकचकीत झालाय, तू बघायला हवं होतंस." शिवाय नव्या शाळेचे वर्गही पाहून आलीस. "अगदी आपल्याकडे होते तसेच, तेच जुने भिंतीवरचे प्रोजेक्टर, संगणकाच्या त्याच कुलूपबंद पेट्या, सवय करायलाच नको."

एवढं वाचून मी तुझं पत्र बाजूला ठेवलं आणि मुलांच्या वह्या तपासायला घेतल्या. बराच वेळ एकाच वहीवर बरोबरच्या खुणा करत होते.

माझा पाठ. हे शब्द तुझ्या पत्रात पुन्हा पुन्हा आले आहेत.

तुला एक गंमत सांगते. नोव्हेंबरात एकदा मी मधल्या सुट्टीत तुझ्या वर्गावरून जात होते. आतून आवाज आला, "नीट बघ. घाई नको. पुन्हा एकदा लाव." मी थांबले. शब्द माझे होते. 'आकारांचं गाव' या पाठात मूल चुकलं की फळ्याने काय म्हणावं, हे ठरवायला मला कितीतरी दिवस लागले होते. 'चूक' हा शब्द नको होता. कुठल्याच मुलाने चूक ऐकून बोट मागे घेऊ नये, असं वाटत होतं. ते वाक्य मी माझ्या आवाजात भरलं होतं, मागे आमच्या घरचा पंखासुद्धा ऐकू यायचा. तुझ्या वर्गातून मात्र तेच वाक्य तुझ्या आवाजात येत होतं. पंखा नव्हता.

मी आत आले. पहिल्या पडद्यावर माझं नाव होतं तिथे तुझं होतं. मी विचारलं, "हे काय गं?"

तू डबा खात होतीस. म्हणालीस, "अगं, मोठ्या बाईंनी विचारलं, नमुना पाठाला काय घेणार. तोंडात आलं ते सांगून टाकलं. तू दुसरं काहीतरी कर ना, तुला जमतं."

"पण हा मी केलेला आहे."

"केलास म्हणजे काय? चौरस काय तुझ्या बापाचे आहेत?"

आणि हसलीस. मीही हसले. आठवतं ना, मीही हसले होते. वसतिगृहापासूनची सवय, तू हसलीस की माझं तोंड आपोआप हसतं.

असो. मुलांना गोष्ट सांगायची वेळ झाली.

नमुना पाठ कोणत्या दिवशी आहे, ते मात्र नक्की कळव.

पट्टी

---

२ मार्च

भिंगरी,

पाठ येत्या मंगळवारी आहे, हे कळलं. हे पत्र कुरियरने पाठवते आहे, म्हणजे शनिवारपर्यंत तुझ्या हातात पडेल. आधी सगळं वाच, मग काय करायचं ते कर.

मी फोन उचलत नव्हते कारण मला तुझ्याशी बोलायचं नव्हतं. हॉलमध्ये काय झालं, हे मला शेवटच्या रांगेतून अगदी स्वच्छ दिसलं. ते होणार हे मला आधीच माहीत होतं. मागच्या दोन पत्रांत मी तुला हे सांगितलं नाही, कारण तू कशी तळमळतेस हे मला बघायचं होतं. ते बघून झालं.

फाईल बिघडलेली नव्हती. सरांनी तिला हातही लावला नाही. मी ती तशीच केली होती.

आपल्या वर्गांतले जुने प्रोजेक्टर चित्र आडवं ताणतात. तुला हे माहीत होतं. स्नेहसंमेलनाचे फोटो फळ्यावर लावले तेव्हा तूच ओरडली होतीस, "बंद करा, मी म्हैस दिसतेय." आपण सगळे हसलो आणि विसरलो. मी विसरू शकले नाही, कारण दुसऱ्या दिवशी मला चौरस शिकवायचा होता. मी ऑफिसातल्या संगणकावर झकास चौरस काढला, वर्गात आणून लावला, तर तो बसका आयत. मी त्याला चौरस म्हटलं असतं तर मुलांनी मानलं असतं. सहा वर्षांचं मूल बाईंचं सगळं मानतं. म्हणून तर मला ते करायचं नव्हतं.

सरांना विचारलं. ते म्हणाले, "मशीन जुनं आहे, चित्र सरळ करायची सोय यात उरलेली नाही. बदलून मागा." मागितलं, मिळालं नाही. मग मी फळ्यावर दोरा धरून मोजलं आणि ऑफिसात जाऊन प्रत्येक आकार अरुंद केला. उंची चार बोटं तर रुंदी तीन. म्हणजे फळ्यावर ताणला गेला की बरोबर चौरस. खिडक्या, फरश्या, गाडीची चाकं, सगळं. रोज शाळा सुटल्यावर. ऑफिसातले कारकून काका कुलूप लावायला थांबलेले असायचे. माझ्या खांद्यावरून बघत म्हणायचे, "बाई, तुमचे चौरस फार उपाशी दिसतात हो. काही खायला घाला त्यांना." मी म्हणायचे, "वर्गात गेले की पोट भरतं त्यांचं."

तू तो पाठ पेन ड्राइव्हवर घेतलास आणि थेट वर्गातल्या फळ्यावर लावलास. वर्गातल्या पेटीला वेगळा पडदाच नाही, त्यामुळे तुला ते आकार नेहमी बरोबरच दिसले. तू रोज सराव केलास, आवाज बदललास, नाव बदललंस, रंगसुद्धा बदललेस. एक गोष्ट मात्र तू कधी विचारली नाहीस. आकार शिकवायच्या पाठात आकार फिरवायचा खेळ का नाही? कोणाही शिक्षिकेला पहिल्यांदा तेच सुचेल, बोटाने धरून फिरवायचं. त्या फळ्यावर अरुंद केलेला चौरस फिरवला की वेडावाकडा होतो, म्हणून मी तो खेळ ठेवला नव्हता. फिरवण्यासाठी मी पुठ्ठ्याचे आकार कापले होते. तू एकदा जरी विचारलं असतंस, "का गं, फिरवत का नाहीस," तर मी तुला सगळं सांगितलं असतं. देवाशपथ सांगितलं असतं. चोरीसुद्धा माफ केली असती, कारण मग निदान तुला तो पाठ कळला तरी असता.

तू विचारलं नाहीस. आणि मग मी मोठ्या बाईंच्या खोलीबाहेर हजेरीपट घेऊन उभी असताना तुझं बोलणं ऐकलं. त्या विचारत होत्या, "हा पाठ तुझ्या मैत्रिणीच्या वर्गातही चालतो म्हणे?" तू म्हणालीस, "बाई, मीच दिलाय तिला. तिच्या घरी साधं वाचणारंही कोणी नाही, वडील गाडी हाकतात. तिला हे सुचणार कुठून?"

तुझी आई शिक्षिका, आजी शिक्षिका, आत्या मुख्याध्यापिका. तुझ्या घरी पदवी लावायला भिंती पुरत नाहीत. मी दार वाजवून आत गेले, हजेरीपट ठेवला आणि बाहेर आले. तू मला बघितलंस आणि म्हणालीस, "अगं, तुझंच कौतुक चाललं होतं."

त्या दिवशी मी सरांकडे गेले. विचारलं, "हॉलमध्ये बोटाने चालणारा नवा पडदा बसलाय, तो ताणतो का हो चित्र?"

"छे. नवा आहे. द्याल तसं दाखवतो."

"म्हणजे चौरसाचा चौरस?"

"आणि आयताचा आयत," सर म्हणाले, आणि माझ्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिले. मी आभार मानले.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी तू मला विचारलंस, "माझी फाईल हॉलमध्ये चालेल ना गं?" मी म्हटलं, "चालेल." चाललीच की. कुठे अडकली नाही.

मग तू म्हणालीस, "आणि मुलं मात्र तुझी दे. माझी गोंधळ घालतात, तुझ्या मुलांना सगळं येतं." मी दिली. भिंगरी, इथपर्यंत मी जे केलं ते सगळं मी पुन्हा करेन. हे एक करणार नाही.

हॉलमध्ये मुलं सतरंजीवर, शाळेच्या मंडळाची माणसं खुर्च्यांवर, मोठ्या बाई बाजूला. तू नवी साडी नेसली होतीस. पहिला पडदा आला आणि माझं गाव उभं राहिलं, सगळी घरं सडपातळ, जणू आजारातून उठलेली. तुझी पाठ होती पडद्याकडे. तू विचारलंस, "सांगा बरं, ही खिडकी कोणत्या आकाराची?"

मुलांना मी बघायला शिकवलं होतं, आणि ती बघत होती. मग खारू म्हणाली, "आयत."

तू न वळता म्हणालीस, "नीट बघ. घाई नको."

तिने नीट बघितलं. मान तिरकी केली. "आयतच आहे, बाई. हा उभा लांब आहे."

तू पुढे गेलीस, तिचं बोट धरून तिला पडद्यापाशी आणलंस आणि नजर मंडळाच्या माणसांवरच ठेवून खिडकी उचलून 'चौरस' लिहिलेल्या टोपलीत टाकायला लावलीस. आणि पडद्यातून तुझा आवाज आला, "शाब्बास. हा चौरस." तू सगळ्यांना म्हणालीस, "चला, सगळे मिळून, हा कोण?" सगळी पोरं ओरडली, "चौरस." खारूने मागे वळून मला शोधलं. तिला मी दिसले. मी पिशवीत काहीतरी शोधत असल्यासारखं केलं.

पुढचं तुला माहीत आहे. गाडी आली, तिची अंड्यासारखी चाकं आली, आणि मंडळातले ते निवृत्त इंजिनिअर म्हणाले, "बाई, या चाकांवर ही गाडी दारातून बाहेर पडायची नाही." हसू पसरलं. तू वळून पडद्याकडे बघितलंस तेव्हा तुझा चेहरा मी पाहिला, आणि खरं सांगते, मला इतकं बरं वाटलं की अंगातून थंड वारा गेल्यासारखं झालं. तू म्हणालीस, पडदा खराब आहे. सरांनी उठून त्यावर घड्याळाचं चित्र लावून दाखवलं, गोल गरगरीत.

लगेच माझी पाळी होती. मी हॉलसाठी वेगळा पाठ केला होता, खरे चौरस घेऊन, आणि त्यात फिरवायचा खेळ होता. चौरस टोकावर उभा केला की मुलं म्हणतात पतंग, मग बाजू मोजायच्या, मग कळतं की तिरका झाला तरी तो चौरसच. इंजिनिअर पुढे सरकून बसले. सगळं छान चाललं होतं. मी मुद्दाम खारूला पुढे बोलावलं. मला वाटलं, तिचं झालेलं नुकसान मी तिथल्या तिथे भरून काढेन. पडद्यावर स्वच्छ, सरळ, खरा चौरस होता. मी विचारलं, "हा कोण?"

तिने पडद्याकडे बघितलंच नाही. माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "तुम्ही सांगाल तो."

मंडळाच्या लोकांना फार आवडलं. एक बाई म्हणाल्या, "किती शहाणी मुलगी आहे," आणि टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांवर मी कायम झाले.

ती अजून तशीच आहे. वजाबाकी विचारली तर आधी माझ्या तोंडाकडे बघते. मी हल्ली मुद्दाम चुकते. फळ्यावर त्रिकोण काढून म्हणते, किती छान वर्तुळ आहे. बाकीची पोरं बाकावर उभी राहून ओरडतात, "बाई, वेड लागलं का तुम्हाला?" खारू शेजारणीच्या कानात बरोबर उत्तर सांगते, मला दिसतं. विचारलं की म्हणते, "वर्तुळ." मला राग आला म्हणून हे सगळं मी केलं, आणि माझा राग तिच्या वाट्याला गेला. याबद्दल मी तुला दोष देऊन मोकळी होणार नाही. पण तिचं बोट तू धरलं होतंस, आणि तुला ती खिडकी आयत आहे की चौरस हे वळून बघावंसंही वाटलं नाही. तुझ्या पत्रांत तुझ्या साडीचा उल्लेख आहे, हसणाऱ्या माणसांचा आहे, सरांना शिव्या आहेत. त्या मुलीचा एक शब्द नाही.

आता मंगळवारचं. तू लॅपटॉपवर सगळे आकार ताणून सरळ केलेस. नव्या शाळेत जुने प्रोजेक्टर आहेत. कळतंय ना काय होणार? यावेळी चौरस बसके होतील. मला काहीच करायचं नव्हतं. गप्प बसायचं, मंगळवार जाऊ द्यायचा. एकोणीस तारखेला मी तसंच ठरवून तुला दिवस विचारला होता. त्यानंतर रोज वर्गात खारू समोर बसते.

म्हणून सांगते. आधी त्या वर्गात जा, फळ्यावर एक चौरस लाव आणि खरोखर मोज. ताणत असेल तर रुंदी पुन्हा कमी कर, जितकी मी केली होती तितकी. फिरवायचा खेळ घालू नकोस. आणि कोणी मूल म्हणालं की हा चौरस नाही, तर तोंड बंद कर आणि वळून बघ. हे मी तुझ्यासाठी करत नाही. तुझा पाठ पडला तर मला आनंदच होईल. तिथल्या सतरंजीवर जी बसणार आहेत त्यांच्यासाठी करते.

पाठ चांगला होईल. तुला नोकरी लागेल. तू शिकवशील त्यातला प्रत्येक चौरस कोणी सरळ केला, हे तुला ठाऊक असेल, आणि ते तुला कोणाला सांगता येणार नाही.

आता शेवटचं. हे पत्र फाडू नकोस. तुझ्या हातात माझ्या अक्षरातला पुरावा आहे. मला आधीपासून सगळं माहीत होतं, मी तुला बुडू दिलं आणि त्यावर कायम झाले. मोठ्या बाईंना नेऊन दाखव. त्या मला काढतील, मंडळ तर नक्की काढेल. बाबांना मी काय सांगायचं ते मी बघून घेईन.

फक्त पत्र वाचून झाल्यावर मोठ्या बाई तुला एकच गोष्ट विचारतील. फाईल तुझी, मग त्या फाईलमध्ये काय आहे हे तुझ्या मैत्रिणीला कसं माहीत?

त्याचं उत्तर तुला त्यांच्यासमोर उभं राहून, तुझ्या तोंडाने द्यावं लागेल. ते दिलंस, तर माझी नोकरी गेली तरी मी तक्रार करणार नाही. मोठ्या बाईंच्या खोलीबाहेर बाक आहे. बोलावलं की मी तिथे येऊन बसेन.

वाट पाहत असलेली,
पहिली 'ब'ची बाई